दोरी ओढायचा हक्क कोणाचा? टोयोटाच्या 'लीन' पद्धतीचा खालून वाचलेला इतिहास

ऑटोमोबाईल कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेल्या आपल्या वस्तीतल्या कुठल्याही पोराला विचारा, 'मुडा' म्हणजे काय ते तो झोपेतसुद्धा सांगेल. मुडा म्हणजे वाया जाणारी गोष्ट. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघत उभे राहणे, उगाच केलेली ने-आण, नको असलेली प्रक्रिया, साठून पडलेला माल, हातापायांची अनावश्यक हालचाल आणि खराब निघालेला नग. ही सात मुडांची यादी शॉपफ्लोअरच्या भिंतीवर लावलेली असते आणि पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतली जाते. पण ती यादी कोणी केली, कधी केली, आणि त्या वेळी त्याच्या कारखान्यात काय पेटले होते, हे त्या पोराला कोणी सांगत नाही. तंत्राला इतिहास नसतो अशीच समजूत करून दिलेली आहे. इतिहास पुसला की कोणाचे तरी साधते, हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही.

आज ज्याला 'लीन मॅन्युफॅक्चरिंग' म्हणतात ती पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांत घडली. एमबीएच्या वर्गात ती हुशार इंजिनिअरांच्या युक्त्यांची गोष्ट म्हणून शिकवतात. युक्त्या होत्याच, त्या नाकारायचे कारण नाही. पण ह्या पद्धतीत कामगाराच्या बाजूच्या दोन गोष्टी आहेत. एक, चूक दिसली की लाइन थांबवायचा अधिकार. दुसरी, हा अधिकार वापरला म्हणून नोकरी जाणार नाही ही हमी. पहिली गोष्ट यंत्रातून आली. दुसरी आली एका कडवट संपानंतर, आणि तीही सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. माझा सगळा मुद्दा ह्या 'सगळ्यांच्या नाही' मध्ये आहे.

सुरुवात मोटारीपासून नव्हे, मागापासून होते. साकिची टोयोडा हा १८६७ साली जन्मलेला सुताराचा मुलगा. आयुष्यभर तो मागच सुधारत बसला. १९२४ मध्ये त्याचा 'जी-टाइप' स्वयंचलित माग तयार झाला. माग चालू असतानाच त्याचा धोटा आपोआप बदलायचा, आणि सूत तुटले की माग स्वतःहून थांबायचा. ही दुसरी करामत मोठी होती. साध्या मागावर सूत तुटलेले लक्षात आले नाही तर पुढचे सगळे कापड खराब निघते, म्हणून माणसाने डोळा लावून बसावे लागते. यंत्रच थांबते म्हटल्यावर राखण बसायची गरज उरत नाही, आणि एक माणूस तीसेक माग सांभाळू शकतो. चूक दिसताच थांबायचे, ह्या तत्त्वाला पुढे टोयोटात 'जिदोका' म्हणू लागले. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने ह्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारीच्या नादी लागला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

ह्याच काळात आपल्या मुंबईत काय चालले होते ते इथे आठवायला हवे, कारण जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईचे गिरणीमालक घाबरलेले होते. खर्च कमी करण्यासाठी त्यांनी 'एफिशियन्सी'ची योजना आणली. म्हणजे दोन साचे चालवणाऱ्याने तीन चालवायचे, रिंगखात्यात एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन बाजू सांभाळायच्या, आणि उरलेल्यांनी घरी जायचे. माग तेच जुने, स्वतःहून न थांबणारे. फक्त माणसाला जास्त पळवायचे. ह्याविरुद्ध १९२८ मध्ये गिरणगावात सहा महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. पण त्या संपातही एक दार बंदच होते. जास्त पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे, आणि 'त्यांचे' तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि साचेखाते खुले करण्याची मागणी लावून धरली. कामाचा बोजा वाढतो तेव्हा सगळ्यांचा वाढतो, पण चांगल्या कामाचे दार सगळ्यांना उघडत नाही. मागाच्या इतिहासातली ही गोष्ट मोटारीकडे जाताना सोबत ठेवा.

आता जपान, १९४५. देश हरलेला, कारखाने मोडकळीला आलेले. किइचिरो टोयोडाचे म्हणणे होते की तीन वर्षांत अमेरिकेला गाठले नाही तर जपानचा मोटारधंदा टिकणार नाही. ताइइची ओनो हा त्याचा मशीन शॉपचा प्रमुख, पूर्वी टोयोडाच्याच सूतगिरणीत काम केलेला. एक अमेरिकी कामगार नऊ जपानी कामगारांइतके काम करतो असे त्याने युद्धाआधी ऐकले होते. त्याने स्वतःशी विचार केला की अमेरिकी माणूस काही नऊपट घाम गाळत नसणार, तेव्हा आपल्याकडेच काहीतरी वाया जात असणार. मुडाची कल्पना इथून निघाली. १९४७ पासून त्याने एका कामगाराकडे दोन मशीन द्यायला सुरुवात केली, मग तीन, मग चार. लेथवाला फक्त लेथ चालवणार आणि ड्रिलवाला फक्त ड्रिल, ही जुनी वाटणी त्याने मोडली. कामगारांनी विरोध केला, हे ओनोने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. तो विरोध त्याला कारागिरांचा हट्ट वाटला. मुंबईच्या साचेवाल्यांची गोष्ट आपल्याला माहीत असल्यामुळे आपल्याला तो तेवढा साधा हट्ट वाटत नाही.

१९४९ मध्ये अमेरिकी सल्लागार जोसेफ डॉज याच्या सांगण्यावरून जपान सरकारने खर्चाला करकचून कात्री लावली. बाजारात पैसा नाहीसा झाला, गाड्या विकल्या जाईनात, टोयोटा दिवाळखोरीच्या दारात आली. बँकांनी एकत्र येऊन कर्ज दिले, पण अटींवर. विक्रीची कंपनी वेगळी काढा आणि माणसे कमी करा. एप्रिल १९५० मध्ये कंपनीने १६०० जणांना काढण्याची आणि राहिलेल्यांच्या पगारात कपातीची योजना पुढे ठेवली. माणसे काढणार नाही असा शब्द त्याआधी दिलेला होता. संप पेटला आणि जूनपर्यंत चालला. शेवटी सुमारे दोन हजार कामगार बाहेर गेले. जबाबदारी घेऊन किइचिरो टोयोडानेही अध्यक्षपद सोडले. हे नोंदवायला हवे, कारण कामगार कापून मालकाने बोनस घेण्याच्या आजच्या रिवाजात असे घडत नाही. किइचिरो गेला आणि त्याच महिन्यात, २५ जूनला, कोरियन युद्ध सुरू झाले. अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी धडाधड आल्या. दोन महिने थांबले असते तर कदाचित एकालाही काढावे लागले नसते.

इथे वळण आहे. ऑर्डरी वाढल्या, पण कंपनीने कायम माणसे वाढवली नाहीत. आहे त्या माणसांत जास्त माल काढायचा, हे ओनोचे काम ठरले. दुसरीकडे, पुन्हा तसा संप परवडणार नाही हेही कंपनीला कळले होते. पुढच्या काळात तिने कायम कामगारांची सामूहिक कपात टाळली आणि पगार सेवाज्येष्ठतेशी जोडला. १९६२ मध्ये कंपनी आणि युनियनने संयुक्त जाहीरनामा काढला, त्यात भांडणाऐवजी सहकार्याची भाषा आली. म्हणजे संप हरला, पण त्याच्या भीतीने हमी मिळवून दिली. त्याची दुसरी बाजू अशी की त्या हमीच्या बदल्यात युनियनचे दात पडले.

ह्या हमीच्या पायावर बाकीची इमारत उभी आहे. 'जस्ट इन टाइम'चे तत्त्व किइचिरोने युद्धाआधीच मांडले होते: जो भाग, जेव्हा, जेवढा लागेल तेवढाच. ओनोने त्याची रीत अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून उचलली. गिऱ्हाईक फळीवरून डबा उचलतो, तेव्हा दुकानदार रिकाम्या जागी दुसरा ठेवतो. आधीच ढीग लावत नाही. तसेच पुढच्या टेबलाने मागच्या टेबलाकडून भाग उचलायचा आणि सोबतचे कार्ड, म्हणजे 'कानबान', मागे पाठवायचे. कार्ड आल्याशिवाय एकही नग बनवायचा नाही. १९५३ च्या सुमारास मशीन शॉपमध्ये सुरू झालेली ही रीत सगळ्या कारखान्यांत पसरायला जवळपास दहा वर्षे लागली. आधी तिला टोयोटाची नव्हे तर ओनोची पद्धत म्हणायचे, आणि ते कौतुकाने नव्हते. ओनो म्हणे इंजिनिअरला खडूने जमिनीवर वर्तुळ काढून त्यात तासन्‌तास उभा करायचा आणि काय दिसले ते विचारायचा. आपल्याकडच्या सुपरवायझरांनी ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये ऐकलेली असते, पण वर्तुळात ते स्वतः उभे राहिल्याचे मी अजून ऐकले नाही.

साठा कमी केला की काय होते? गोदामात महिनाभराचा माल असेल तर चार खराब नगांनी कोणाचे अडत नाही. दोन तासांचाच माल असेल तर एक खराब नगसुद्धा लाइन अडवतो. ओनोला हेच हवे होते. चूक लपता कामा नये. म्हणून लाइनवर डोक्याच्या वर दोरी बांधली. चूक दिसली की कामगाराने ती ओढायची, वरच्या 'अँडॉन' फलकावर दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. फोर्डच्या कारखान्यात लाइन थांबवणे हा साध्या कामगाराच्या दृष्टीने गुन्हाच होता. इथे ते कर्तव्य ठरले. मला ही गोष्ट खरोखर मोठी वाटते. ज्याच्या हाताला चूक लागते त्याच्याच हातात थांबवायची सत्ता देणे, हा लोकशाहीचा विचार आहे. फक्त दोरी ओढताना मागे नोकरी सुरक्षित हवी. ज्याचे कंत्राट अकराव्या महिन्यात संपणार आहे, तो दोरीकडे बघतो, लीडरच्या तोंडाकडे बघतो, आणि हात खाली घेतो.

टोयोटातही असे लोक होतेच. पन्नाशीच्या दशकातल्या 'तात्पुरत्या' कामगारांपासून पुढच्या 'हंगामी' कामगारांपर्यंत. शेतीचे दिवस संपले की उत्तरेकडच्या गावांतून माणसे यायची, काही महिन्यांच्या करारावर लाइनवर उभी राहायची, कंपनीच्या वसतिगृहात झोपायची. सातोशी कामाता हा पत्रकार १९७२ मध्ये स्वतः हंगामी कामगार म्हणून टोयोटात शिरला आणि सहा महिने त्याने गिअरबॉक्सच्या लाइनवर काम केले. १९७३ मध्ये त्याचे पुस्तक आले. नावाचा अर्थ साधारण 'मोटारीचा निराशा कारखाना' असा होतो. लाइनचा वेग कसा गुपचूप वाढतो, माणसे करार संपण्याआधीच कशी पळून जातात, बोटे कशी चेपतात, हे त्यात दिवसागणिक आहे. मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात ओनोचे पुस्तक असते. कामाताचे असावे असे मला वाटते, पण तसा आग्रह धरणारा प्राध्यापक अजून भेटायचा आहे.

मुडाच्या जोडीला ओनोच्या पद्धतीत आणखी दोन शब्द आहेत. 'मुरा' म्हणजे चढउतार, असमानता. 'मुरी' म्हणजे झेपणार नाही एवढा बोजा, यंत्रावर किंवा माणसावर. तिन्ही मिळून पद्धत पुरी होते. आपल्याकडच्या भिंतीवर मुडाचा फलक असतो, कुठे कुठे मुराही असतो. मुरीचा फलक शोधून बघा.

आणि नोकरीच्याही आधी असते ते गेट. १९७५ मध्ये जपानमध्ये एक छुपी यादी उघडकीला आली. त्यात बुराकू वस्त्यांची, म्हणजे तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या वस्त्यांची, नावे आणि पत्ते होते. नोकरीसाठी अर्ज केलेला मुलगा ह्या वस्तीतला तर नाही ना, हे तपासण्यासाठी ती विकली जायची. दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती घेतल्याचे पुढे आले, नामांकित मोटार कंपन्यांची नावेही त्यात होती. बुराकू मुक्ती संघटनेने हे प्रकरण लावून धरले. 'टॅलेंट'च्या गप्पा मारणाऱ्या एचआर खात्यांचा हा इतिहासही गुणवत्तेच्या इतिहासाचाच भाग आहे.

'लीन' हा शब्द मात्र जपानी नाही. जॉन क्राफसिक ह्या अमेरिकी इंजिनिअरने तो १९८८ मध्ये एका लेखात वापरला, आणि १९९० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मोटारधंद्यावरील अभ्यासाचे पुस्तक निघाल्यावर तो जगभर झाला. लीन म्हणजे सडपातळ, चरबी नसलेले. चरबी म्हणजे नेमके काय, ते शब्दात नाही, आणि पुढे तेच मालकांच्या पथ्यावर पडले. क्राफसिकने काम केले होते कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात. तो जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला होता. रोज कित्येकांची दांडी, सतत भांडणे, अशी त्याची ख्याती. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तो पुन्हा उघडला, बहुतांश त्याच जुन्या कामगारांना आणि त्यांच्याच युनियनला घेऊन, आणि गुणवत्ता टोयोटाच्या बरोबरीला आली. कामगार आळशी आहेत हा आरोप तिथेच निकालात निघाला. पण करारात काय होते ते वाचा. कंपनीवर गंभीर संकट आल्याशिवाय, आणि आधी बाहेर दिलेली कामे परत आणून अधिकाऱ्यांचे पगार कमी केल्याशिवाय, कामगार काढणार नाही. मागणी पडली तेव्हा खरेच काढले नाहीत, त्यांना प्रशिक्षणाला बसवले. त्याच वेळी माइक पार्कर आणि जेन स्लॉटर ह्या कामगार चळवळीतल्या लेखकांनी ह्याच पद्धतीला 'ताणाने चालणारे व्यवस्थापन' म्हटले. सगळीकडची ढील काढून घ्यायची, साखळी कुठे तुटते ते बघायचे, तिथे जोडायचे, आणि पुन्हा ताणायचे. दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते.

ढील नाहीशी होत नाही, ती खाली सरकते. १ फेब्रुवारी १९९७ ला कारियामधल्या आइसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच टोयोटाला जायचा. टोयोटाकडे साठा काही तासांचा. बघता बघता जवळजवळ सगळ्या लाइन बंद. मग लहानमोठे दोनशेच्या आसपास पुरवठादार, त्यांत कधीही व्हॉल्व्ह न बनवलेले, रात्रंदिवस कामाला लागले आणि आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. हे उदाहरण सहकार्याचा चमत्कार म्हणून सांगतात. आहेच. पण टोयोटाने न ठेवलेला साठा त्या आठवड्यात कोणाच्या झोपेतून भरून निघाला, हेही विचारायला हवे. टोयोटाखाली पहिल्या पायरीचे व्हेंडर, त्यांच्याखाली दुसऱ्या, तिसऱ्या पायरीचे. जसजसे खाली जाल तसतसा कारखाना लहान, पगार कमी, हमी विरळ. बाबासाहेबांनी सांगितले होते की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. जपानची ही उतरंड म्हणजे जात नव्हे, तिसऱ्या पायरीत कोणी जन्माला येत नाही. पण श्रेणीबद्ध विषमतेची युक्ती तीच: प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असले की सगळे मिळून वर बघत नाहीत. टोयोटाच्या मोठ्या युनियनमध्ये दीर्घकाळ हंगामी कामगाराला जागाच नव्हती.

२००८ च्या मंदीत ह्या रचनेचा खरा उपयोग दिसला. कायम कामगार राहिले, हजारो हंगामी कामगारांचे करार संपवले गेले. फक्त टोयोटाच नाही, सगळ्या मोठ्या कारखान्यांनी हेच केले. नोकरीबरोबर वसतिगृहही गेले. वर्षअखेरीला टोकियोच्या हिबिया बागेत युनियन आणि कार्यकर्त्यांनी तंबू ठोकले, पाचशेच्या आसपास माणसे तिथे जेवायला-झोपायला आली. समोरच कामगार मंत्रालय होते. दबाव वाढल्यावर मंत्रालयाला आपले सभागृह रात्री उघडावे लागले.

आपल्याकडे ही पद्धत सुझुकीबरोबर आली. १९८३ मध्ये गुडगावला मारुती सुरू झाली तेव्हा अधिकारी-कामगार एकाच गणवेशात, एकाच कॅन्टीनमध्ये, हे नवल होते. पुढे मानेसरला कामगारांची तक्रार होती की चहा आणि लघवी दोन्ही साडेसात मिनिटांत उरकावी लागते. पण मानेसरची लक्षात ठेवायची गोष्ट दुसरी आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथले कायम कामगार कारखान्यात बसून राहिले, ते कंत्राटी कामगारांना परत घ्या म्हणून. पायरी ओलांडली गेली. जुलै २०१२ मध्ये तिथे हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला, शेकडो कायम कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि चर्चा तेवढ्यावरच थांबली.

चाकण, रांजणगाव, भोसरी, वाळूज, सातपूर. आपली मुलं ह्या पट्ट्यात बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या व्हेंडरकडे असतात. कोणी ठेकेदाराच्या नावावर, कोणी शिकाऊ, कोणी 'नीम'मधला ट्रेनी होता. ही 'नीम' योजना शिकवण्यासाठी निघाली होती आणि तिच्यात कामगार हा कामगारच गणला जात नव्हता. फाइव्ह-एस तेच, कानबान तेच, अँडॉनचा दिवाही तोच. जपानमधून सगळे आणले, फक्त १९५० च्या संपानंतरची हमी बंदरातच राहिली.

म्हणून एक निकाल ह्या पट्ट्यातल्या प्रत्येक पोराला माहीत असावा. बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच्या काळात, १९४६ च्या दुरुस्तीने, कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पण तास मोजायला कधी सुरुवात करायची? शिफ्ट संपल्यावरची कायझेनची बैठक, क्वालिटी सर्कलचे चार्ट, सुधारणेच्या सूचना लिहिणे, हे सगळे 'स्वेच्छेने' असते, म्हणून त्याचे पैसे नसतात. फेब्रुवारी २००२ मध्ये टोयोटाच्या त्सुत्सुमी कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारा ३० वर्षांचा कामगार पहाटे कामावरच कोसळला आणि गेला. शेवटच्या महिन्यात त्याने शंभराहून अधिक तास जादा काम केले होते. मृत्यू कामामुळे झाला हे कामगार खात्याने मानले नाही, कारण त्यातले बरेच तास क्वालिटी सर्कलसारख्या 'स्वेच्छे'च्या कामाचे होते. दोन लहान मुले असलेली त्याची पत्नी सरकारविरुद्ध कोर्टात गेली. ३० नोव्हेंबर २००७ ला नागोया जिल्हा न्यायालयाने निकाल दिला की ते तास कामाचेच तास आहेत आणि हा मृत्यू अतिश्रमाने झालेला आहे. सरकारने अपील केले नाही. जून २००८ पासून टोयोटा क्वालिटी सर्कलच्या तासांचा पूर्ण ओव्हरटाइम देऊ लागली.